मंगळवारचा नंबर

— अगं जा ना, चिठ्ठी घेऊन औषधं आण, मी बसते तुझ्या योगराजपाशी. दहाला आत नेतील, तोवर तोंडात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, बस. कसं होतं म्हणजे? बाई, तुझ्या माणसाचं झालं तेच आमच्या यांचं — प्लेगची पळापळ निवली, गावाहून इकडे कामाच्या जागी, गोडादऱ्याला परत आलो, अन् आठव्या दिवशी हे पट्टा चढवायला कापडाच्या लूमवर चढले, पाय सटकला, दोन पाय दोन बाजूंना अन् मधे लोखंड! रक्त आलं, लघवी बंद. गल्लीतल्या कंपाउंडरनं जोर लावून नळी घातली — मीच म्हटलं घाला, तडफड बघवेना — अन् अर्धी फाटलेली लघवीची वाट पुरती तुटली. मग इथं पोटातून नळी काढून पिशवी लावली, म्हणाले तीन महिने जखम निवू द्या, मग खराब तुकडा कापून दोन टोकं जोडू. तीन महिने ती पिशवी धरून हिंडले, माय!

तेव्हा समोरच्या खाटेवर लोटू होता, त्याचंही हेच. आमच्या दोन दिवस मागून आलेला, बरं का! मोठे डॉक्टर येतात मंगळवारी, असलं ऑपरेशन एकच करतात. दोघांना उपाशी ठेवायचं, एकाचं राहिलं तर दुसरा. अन् पहिला नंबर कोणाचा? लोटूचा! का? तर त्याची बायको वत्सला, ती सिस्टरशी फाडफाड गुजराती बोलते, मला दोन शब्द जुळवता येत नाहीत. अंगाची नुसती लाही लाही झाली, खोटं कशाला बोलू. त्या सकाळी ती अशीच औषधाला गेली — म्हणाली, कलाताई, बसा जरा यांच्यापाशी. लोटू म्हणाला, वहिनी, घसा सुकला. माझ्याकडे चहा होता. घोटभर चहानं काय होतं? — काय होतं ते मला ठाऊक होतं. सिस्टरनं त्याच्या हातात कप बघितला, ऑपरेशन रद्द, अन् आमच्या यांना आत नेलं.

मग काय! लोटूचं पुढच्या मंगळवारी झालं. तीन आठवड्यांनी नळी काढली, बादलीत करायला लावलं, तर धार साऱ्या वॉर्डानं ऐकली! वत्सलानं पेढे वाटले. मला म्हणते कशी, ताई, बरं झालं तेव्हा तुमचा नंबर लागला, तुम्हीच आधीच्या. मी तो चहा जाणूनबुजून दिला, ते तिला अजून माहीत नाही. तो पेढा मी उशाखाली ठेवला, मुंग्या लागल्या. अन् यांची धार सुतासारखी, मग तीही गेली. पुन्हा पोटातून नळी, पुन्हा पिशवी, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आज? हो, आज हेही उपाशीच आहेत. पहिला नंबर तुझ्या योगराजचा, याचं राहिलं तर — हा? हा माझा चहा आहे गं, माझ्यासाठी आणलाय. अशी काय बघतेस? जा की, दुकानात गर्दी होईल. खाली का बसलीस?

बरं, नको जाऊस. दे ती चिठ्ठी इकडे. मीच आणते औषधं. अन् हा कप त्या मोरीत ओत, तू इथून हलू नकोस.