राणे फोटोत नव्हते

मानाची जागा कोणती, हा विषय निघालाच आहे, म्हणून मस्कतमधली एक गोष्ट सांगतो.

आमचा सावंत वर्कशॉपमध्ये लेथवर काम करी. मत्रहच्या बाजारात त्याला एक जुनी, सुरेख लेन्स मिळाली. त्याने स्वतः ॲल्युमिनियमची रिंग कातली आणि तिच्या आधाराने ती लेन्स आपल्या मोठ्या रोलच्या कॅमेऱ्यावर बसवली.

त्या वर्षी मस्कतच्याच वादी अदाई भागात राणे यांच्या घरच्या गणपतीला आम्ही जमलो. राणे आता कायमचे कणकवलीला परतणार होते. गावच्या घरात लावायला त्यांना सर्वांचा एक फोटो हवा होता. सावंत तीच लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन उभा राहिला.

मी म्हणालो, "राणेसाहेब, मूर्तीजवळ बसा."

"गर्दीत कशाला? कोपऱ्यात उभा राहिलो की उठून दिसेन." राणे यांच्या अंगात नवा कोट होता.

रोल धुऊन आला. चित्र मधोमध गोल उमटले होते आणि चारही कोपरे काळे. गणपती होता, आम्ही होतो. यजमानांची फक्त एक बाही होती.

"अरे, मी कुठे?"

"लेन्स लहान कॅमेऱ्याची होती. कोपऱ्यापर्यंत पुरली नाही," सावंत म्हणाला.

राणेवहिनी म्हणाल्या, "बाप्पाला सोडून उभे राहिलात, त्याने तरी काय करावे?"

निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोटो ठरला. राणे आधीच मधोमध जाऊन बसले. "यल्ला, जवळ या रे सगळे. कोपरे मोकळे सोडा."

आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो.

"आज कॅमेऱ्याची मूळची लेन्स आहे," सावंत म्हणाला. "सुटे बसलात तरी चालेल."

कोणीही हलले नाही.