एक स्पॅनिश शब्द

मला स्पॅनिशमधला एकच शब्द येतो, पण तो कसा आला ते ऐका. त्या दिवशी मी पोह्यांना फोडणी घालत होते आणि शेजारच्या शर्माभाभींनी गॅलरीतून हाक मारली, "भाभी, जल्दी आओ, भाईसाब का फोन!"

हे तेव्हा मेक्सिकोत होते. परदेशांशी व्यापार नुकता खुला झाला होता, आणि कंपनीनं यांना सोयाबीनचं तेल काढायचं मशीन बसवायला तिकडे धाडलं होतं. मागच्या फोनवर म्हणाले होते, "अगं, इथे नवऱ्याला 'केरिदो' म्हणतात. म्हणजे ज्याच्यावर जीव लावलेला आहे असा. बायको असेल तर केरिदा. म्हण ना एकदा, आईला थोडंच कळणार आहे!"

तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "इश्श! घरी या, मग म्हणेन."

त्या दिवशी सासूबाईंसोबत शर्माभाभींकडे धावले आणि रिसीव्हर कानाला लावला, तर भलताच माणूस भराभर स्पॅनिश बोलत होता. त्यातलं 'केरिदो' तेवढं ओळखू आलं आणि मला हसू फुटलं.

"काय म्हणतोय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, चेष्टा चाललीय यांची. कुणाला तरी पढवून बोलायला लावलंय."

त्याही हसायला लागल्या.

मग दुसरा आवाज आला, इंग्रजीतला. प्लांटवर अपघात झाला होता आणि हे गेले होते. पहिला माणूस रडत काय म्हणत होता, तेही त्यानंच सांगितलं: "आमचा केरिदो जोशी."

सासूबाई अजून हसतच होत्या.

यांना मी तो शब्द एकदाही म्हटला नाही.