पंख्यातला झेंडू

मंडळी, ऐका. आज आधी एक प्रश्न. आपल्या माणसावर जोर किती लावावा? नुसत्या माना डोलावू नका, उत्तर शेवटी मागणार आहे!

तर आख्यान तुळशीराम ढमाल्यांचं. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. तीस वर्षं घाटात गाडी चालवली, आता गुडघे गेले. पण स्टिअरिंग सुटतंय होय? सूनबाई वृषालीनं आपल्या लॅपटॉपवर बस चालवायचा गेम लावून दिला. आणि दर रविवारी चार वाजता व्हिडिओ फोनवर समोर कोण? मुलाणी! तीस वर्षांचा त्यांचा कंडक्टर. मिरजेला अंथरुणावर पडून बस बघायचा आणि तोंडानं घंटी द्यायचा — "टिंग टिंग!" हसू नका हो टाळकरी, तुम्ही तरी वेगळं काय करता!

ह्या मुलाणीचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन. गडी घाबरलेला. म्हणाला, "तुळशी, एकदा घाट चढवून दाव. मग बिनघोर जातो बघ." आणि गेममधली गाडी? तिसऱ्या वळणावर चित्र अडखळायचं — बस थेट दरीत!

वृषाली म्हणाली, "बाबा, आत चित्र काढणारी चिप असते, तिचा वेग पडद्यावरच्या ह्या पट्टीनं वाढवू. पण आकडा पंधरा-पंधरानं. दर वेळी दहा मिनिटं चालवून बघायचं. तापमान ऐंशीच्या वर गेलं की मागं, पडद्यावर ठिपके दिसले की मागं. विजेच्या दाबाला हात लावायचा नाही."

"मला शिकवतीस? रेडिएटर तापला की थांबायचं, हे मी अख्ख्या डेपोला शिकवलंय."

कळतं हो सगळं! पण रविवार आला. सूनबाई बाहेर गेलेली, मुलाणी फोनवर, आणि तिसऱ्या वळणावर गाडी पुन्हा अडखळली. तुळशीरामांनी वेगाची पट्टी धरली — आणि नेली एकदम टोकाला! पंखा किंचाळला, पडदा काळा.

फोनातून बारीक आवाज आला, "तुळशी... गाडी गेली का रे?"

ज्यानं तीस वर्षांत एका प्रवाशाला खरचटू दिलं नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं मंडळी. "थांब जरा, इंजिन तापलंय," एवढंच बोलला.

वृषाली आली. रागावली नाही. लॅपटॉप गार होऊ दिला, पुन्हा सुरू केला, वेग मूळ जागी आणला. तरी पंखा घोंघावतोच आहे. "बाबा, काही न करता एवढं तापतंय कसं?" तिनं बंद करून खालचं झाकण उघडलं. आत काय असेल? सांगा! — झेंडूच्या पाकळ्या! अक्षता! हळदीकुंकवाचा थर!

तुळशीराम खाली बघत म्हणाले, "दसऱ्याला पूजा केली मी. डेपोत गाडीच्या जाळीला हार घालायचो ना, तसं ह्याला पालथं घालून खालच्या जाळीवरच वाहिलं. तुझं पोट आहे गं त्याच्यावर."

सून हसली. "बाबा, ही जाळी त्याचं नाक आहे."

मऊ ब्रशनं सगळं झाडलं. तापमान सरसर खाली आलं. मग वेग वाढवला पंधरानं. दहा मिनिटं थांबली. पुन्हा पंधरानं. तिसऱ्यांदा वाढवला तर ठिपके दिसले, लगेच एक पायरी मागं. तिथंच थांबली. फोन लावला.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं... गाडी चढली मंडळी, लोण्यातून सुरी फिरावी तशी! मुलाणी म्हणाला, "टिंग टिंग." एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला पुढं. "तुळशी, उद्या जातो रे मी."

आता माझा प्रश्न. पोराला नव्वद टक्के पडले, आपण विचारतो, पंच्याण्णव का नाही? सून दिवसभर राबते, आपण म्हणतो, अजून थोडं. पट्टी टोकाला! जोर लावा, पण पंधरा-पंधरानं, आणि त्याआधी झाकण उघडून बघा. आत अडकलेली फुलं शेजारच्यानं टाकलेली नसतात हो. आपणच वाहिलेली असतात, प्रेमानं.

चला, हात जोडा. आणि जरा सरकून बसा — मागच्या माउलीला वारा लागू द्या.