रविवारची चाळीस मिनिटं

मुलगी : पण बाबा, तुम्ही म्हणताय चाळीस मिनिटं आणि विमानातला हा नवा पडदा म्हणतोय एक तास दहा. दोघांपैकी कुणीतरी एक चुकतंय ना?

बाबा : तो चुकतोय. मी या विमानात सव्वीस वर्षं बसतोय. त्याला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत.

मुलगी : त्यात रविवारचा सगळा मार्ग साठवलेला आहे. हे बघा. इथून उडालात, तळ्यापर्यंत सरळ. तिथून परत फिरलात, तेही बरोबर. आणि मग इथे, आपल्या धावपट्टीच्या अलीकडे, हे काय आहे?

बाबा : काय आहे?

मुलगी : चकरा आहेत. एक, दोन, तीन, चार. मग पूर्वेला भलतीकडेच गेलात आणि तिथे पुन्हा दोन.

बाबा : लहान पोरानं भिंतीवर पेन्सिल फिरवावी तसं दिसतंय. असं विमान चालवतो का मी? मिस्त्री, तुम्हीच सांगा हिला.

मिस्त्री : मला मध्ये घेऊ नका साहेब. मी आपला बोनेट उघडून बसलोय, माझे कान इंजिनात आहेत.

मुलगी : मिस्त्रीकाका, हा पडदा तुम्ही बसवलाय. चुकीचं दाखवू शकतो का तो?

मिस्त्री : बसवला मी, ताई, पण त्याच्या पोटात काय चालतं ते मला कुठे ठाऊक? उंचीची, वेगाची जुनी काट्यांची घड्याळं होती तेव्हा बरं होतं. काटा अडकला की काचेवर टिचकी मारायची. याला टिचकी मारायची तर हात धजत नाही.

बाबा : ऐकलंस?

मिस्त्री : वरच्या अँटेनाची वायर जरा ताणूनच घेतली होती मी. तिचं काही झालं असेल तर...

बाबा : मिटला प्रश्न! वायर ताणली गेली. मी कधीचा सांगतोय की मी सरळ घरी आलो.

मुलगी : वायर ढिली झाली तर रेघ तुटेल ना? ही कुठेच तुटलेली नाही. बाबा, मी भांडत नाहीये. रविवारी तुम्ही साडेअकराला याल म्हणून मी इथे खाली उभी होते. बारा वाजले. फोन करून उपयोग नव्हता. मी नुसती आकाशाकडे बघत होते.

बाबा : समोरून वारा होता.

मुलगी : अर्ध्या तासाचा वारा?

बाबा : तुझं लायसन्स होऊन दोन वर्षं झाली आणि तू मला वारा शिकवणार?

मिस्त्री : साहेब, एक बोलू का? रागावू नका.

बाबा : आता तुमचं काय?

मिस्त्री : इंजिनाचे तास मोजणारं ते छोटं मीटर आहे ना, खाली कोपऱ्यात. शनिवारी मी त्याचा आकडा वहीत लिहिला होता. मघाशी पुन्हा बघितला. एक तास सात मिनिटांचा फरक आहे.

बाबा : त्यालाही या पडद्याची वायर जोडलीत का?

मिस्त्री : नाही हो. त्याला आपण हात लावलेला नाही. ते तर विमानाबरोबरच आलेलं आहे.

(बाबा पंखाला हात टेकवून उभे राहतात.)

मुलगी : बाबा, बसा ना. तो स्टूल घ्या.

बाबा : मला स्टूल नको. तो नकाशा फिरत होता.

मुलगी : कुठला नकाशा?

बाबा : पडद्यावरचा. मी डावीकडे वळलो की तो उजवीकडे फिरायचा. आयुष्यभर मांडीवर कागदाचा नकाशा ठेवला मी. उत्तर वर असते, आणि ती वरच राहते. इथे बघावं तर तळं वर गेलेलं, पुन्हा बघावं तर ते बाजूला. मी म्हटलं, आपण वळतोय की तळं वळतंय?

मिस्त्री : अरे देवा! साहेब, ते बटण असतं. विमानाचं तोंड ज्या दिशेला, ती दिशा वर, असं करून ठेवलं होतं मी. चूक माझीच. उत्तर वर करून द्यायला हवी होती, डोक्यात आलंच नाही.

मुलगी : म्हणजे एवढंच होतं?

मिस्त्री : एवढंच, ताई. नवीन माणूस गोंधळणारच. मी स्वतः पहिल्या दिवशी दोनदा उलट्या दिशेला गेलो असतो.

मुलगी : बाबा, मग हे रविवारीच का नाही सांगितलंत? चार दिवस मी काय काय विचार केले. झोप नाही मला.

बाबा : सव्वीस वर्षांनंतर मुलीला सांगू, की घर सापडेना म्हणून?

मुलगी : सांगायचं! मी हसले असते का? बरं, मग सापडलं कसं शेवटी?

बाबा : रुमाल टाकला त्याच्या तोंडावर. आणि नेहमीसारखं बाहेर बघितलं. नदीचं वळण दिसलं. वळणापाशी कारखान्याची चिमणी. चिमणी डाव्या पंखाच्या टोकावर धरली की धावपट्टी समोर येते. डोळे मिटून येईन मी.

मुलगी : कुठली चिमणी?

बाबा : कुठली म्हणजे? सिमेंटच्या कारखान्याची. लाल-पांढरी.

मुलगी : बाबा, ती पाडली.

बाबा : कधी?

मुलगी : गेल्या वर्षी. आपण दोघं गच्चीवरून बघत होतो. दमलेलं माणूस खाली बसावं तशी ती बसली, आणि तुम्ही म्हणालात, आता आम्ही वैमानिकांनी काय बघून यायचं. सगळ्या गच्चीवर धूळ झाली होती.

बाबा : मिस्त्री?

मिस्त्री : पाडली, साहेब. आता मोबाइलचा टॉवर आहे तिथे. तोही लाल-पांढराच आहे. लांबून बघितलं तर... म्हणजे कुणालाही वाटेल.

बाबा : पण धूर निघत होता.

मुलगी : रविवारी?

बाबा : धूर कुठे चाललाय ते बघून तर मी वारा ओळखला. तो पश्चिमेकडून... नाही. थांब. तो धूर रविवारचा होता का?

मुलगी : मला काय माहीत, बाबा. मला आता काहीच कळेनासं झालंय. नकाशा फिरला म्हणून तुम्ही गोंधळलात, की...

बाबा : की मी गोंधळलेलोच होतो आणि नकाशा आपला फिरत होता.

मुलगी : मी असं म्हटलं नाही.

बाबा : मी म्हटलं. मलाही ठरवता येत नाहीये. गच्चीवर तुझी आई होती का तेव्हा?

मुलगी : होती. तीच ओरडत होती, वाळत घातलेले कपडे आत घ्या म्हणून.

बाबा : कपडे आठवतात. चिमणी पडलेली आठवत नाही.

मिस्त्री : साहेब, जुने काटे मी टाकलेले नाहीत. फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलेत. म्हणाल तर दोन दिवसांत हा पडदा काढून पहिल्यासारखं करून देतो.

बाबा : नको. राहू दे तो. त्याला निदान रविवार आठवतो.

मुलगी : आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ. नुसतं दाखवायला. मी असेन बरोबर.

बाबा : जाऊ. उद्या जाऊ. मिस्त्री, इंजिन झालं का तुमचं?

मिस्त्री : झालं की. प्लग साफ केले, तेल घातलं. तयार आहे.

मुलगी : आज उडायलाच हवं का, बाबा?

बाबा : हवा चांगली आहे. तळ्यापर्यंत जाऊन येऊ. डावीकडे तू बस.

मुलगी : तिथे तुम्ही बसता.

बाबा : मी उजवीकडे बसतो. तू चालव, मी बाहेर बघतो. आणि ती उत्तर कशी वर आणायची, तेही दाखव मला.

मुलगी : बरं. चढा मग.

बाबा : नाही, आधी तू. दार एकच आहे या विमानाला, उजवीकडे. जो चालवणार, त्यानं आधी आत जायचं असतं.