राखीव पलटणीचा जावई

…आन् वरून म्हनते, इतिहास सांगा! अहो, कायचा इतिहास? तुमाले सांगतो, सकाळी मी बैल घेऊन वावरात जाऊन राह्यलो होतो, तर आमच्या बीबी गावच्या शाळेचे वैजनाथ मास्तर रस्त्यात आडवे आले न् म्हने, "कडूबाभाऊ, तुम्ही दर्यावरच्या पलटणीत होते, मुलांना पलटणीचा इतिहास सांगा, स्फूर्ती येईल!" स्फूर्ती! म्हनलं, मास्तर, पोराइले झोप येईन, झोप! इतिहास व्हाले आधी पलटनीनं कुठंतरी जावं लागते, कोनाले मारावं लागते, नाही तर निदान मार तरी खावा लागते… आमाले कोनी मारलंही नाही हो! आमची पलटन राखीव! हुकूम एकच, तयार राहा! आन् आमी तयारच!

राखीव म्हन्जे काय, माहीत हाये तुमाले? मले बी नव्हतं. मलकापूरच्या बाजारात भरतीवाला टेबल मांडून बसलता, म्हने, जहाजात बसाचं, दुश्मनाच्या किनाऱ्यावर धडाधड उड्या माराच्या, आन् त्याले पळवून लावाचं. "पोहता येते काय बे?" म्हनलं, हाव, येते ना, विहिरीत! तो म्हने, चालते. आता विहीर न् दर्या यात फरक किती, हे ना त्याले माहीत, ना मले! बूट भेटले, टोपी भेटली, घरी येऊन मायले सलाम ठोकला, आन् मंग आठ दिवसानं कळलं, का पुढं एक पलटन हाये, तिच्या मागं एक हाये, आन् थ्या दोन्ही कमी पडल्या, तर मंग आमी! बियान्याची जवारी राख लावून मडक्यात ठेवते ना, तशी आमची गत. उंदीर सोडून कोनी इचारत नाही.

बरं, दर्यावरची पलटन, आन् बुलढाना जिल्ह्यात दर्या कुठं? शिकवाले आलता हवालदार लक्ष्मीकांत, कोकनातला मानूस, दर्यात जन्मला न् दर्यात वाढला. त्यानं पयल्या दिवशी चारी दिशेले पाह्यलं, पऱ्हाटी, तूर, पऱ्हाटी, मंग परत पऱ्हाटी… म्हने, "अरे बाबांनो, पण पाणी कुठाय?" गेला साहेबाकडं. गोऱ्या साहेबानं नकाशा पसरला, निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं न् म्हने, "लोनार! खारा पानी! बहोत अच्छा!" झालं! नकाशाले वास थोडीच येते! तुमी गेले असान ना लोनारले? सांगा बरं मले, थ्या पान्यात मानसानं हातानं पोहाचं, का हातानं नाक धराचं? आन् नाव कुठून आनता? मंग कोनीतरी गुऱ्हाळातली गुळाची कढई आनली. हवालदार म्हने, "ही होडी?" म्हनलं, हवालदारसाहेब, नदीले पूर आला का आमचं सगळं गाव याच्यातच पार होते, बसा तुमी! बसलो आमी सहा जन, हातात लाकडाच्या बंदुका, हवालदार काठावरून बोंबलला, "शत्रू समोर आहे! वल्हवा रे!" वल्हवलं… तर कढई जागच्या जागी गोल गोल फिरून राह्यली! एका फेऱ्यात शत्रू समोर, दुसऱ्या फेऱ्यात हवालदार समोर, आमाले कळेच ना, बंदूक कोनावर रोखाची! थ्या पान्यात असा सोडा, का खाकी कपडे धुवून पांढरेफट निघाले, सगळी पलटन वाजंत्र्यासारखी दिसाले लागली. साहेबानं इचारलं, "तयार?" हवालदारानं कपाळावर हात मारला न् म्हने, "तयार आहेत, साहेब." आमी तयारच!

तुमी म्हनसान, मंग तुले काय दुख्ते बे कडूबा? बूट भेटले, दोन टाइम जेवन भेटलं, गोळी लागली नाही, मजाच झाली ना! नाही हो, नाही! माझं लग्न अडकलतं त्याच्यात!

सोनाळ्याचे उत्तमराव, मोठे जमीनदार, ही एवढी पगडी, ह्या एवढ्या मिशा, बोलले का चार वावरं पल्याडचे बैल माना वर करते. त्याइची पोरगी सोजरा. माझं न् तिचं साक्षगंध झालं, कुकू लागलं, सगळं लागलं, आन् कोन जाने काय डोक्यात आलं, उत्तमराव पंचाइच्या पुढं, सगळ्या सोनाळ्याच्या पुढं उभे राह्यले न् म्हने, "आमचा जावाई लढवय्या हाये! तो लढाईहून परत आला, का त्याच दिवशी मलकापूरच्या फलाटापासून वरात काढतो का नाही, पाहा!" काऊन? तर त्याइच्या भावकीतल्या अर्जुनरावाचा जावाई कचेरीत कारकून होता, त्याच्यावर कडी कराची होती, म्हनून! मी मांडवातच खाली बसलो. अहो, लढाईहून परत याले आधी लढाईवर जावं लागते! आन् आमची पलटन राखीव!

पयला हुकूम आला, चला मलकापूरले, गाडीत बसाचं हाये! काय सांगू तुमाले, सगळी बीबी लोटली, मायनं औक्षन केलं, आमच्या गल्लीतल्या आशाबाई माझ्या टोपीवरून दही-भात ओवाळून टाकत होत्या, भजनी मंडळ, लेझीम, मोटर निघाली तर बायका ढसाढसा रडल्या. मलकापूरले गेलो, फलाटावर उभे राह्यलो, गाडी आली न् भरलेलीच निघून गेली. हुकूम काय? परत जा, तयार राहा! दुसऱ्या दिवशी गावात उतरलो, तर भजनवाल्याइचा गळा अजून बसलेला होता. दुसऱ्या खेपेले औक्षन झालं, रडनं नाही झालं. आन् तिसऱ्या खेपेले मी म्हनलं, "माय, निघालो वो लढाईले," तर माय चुलीपासून उठली बी नाही, म्हने, "जाय बापा. पन संध्याकाळी भाकर किती टाकू, थे सांगून जाय!"

आन् मंग एक दिवस लढाई संपली. सगळं जग पेढे वाटून राह्यलं, शाळेले सुट्टी, मारुतीले नारळ, आन् मी एकटा परसात बसून रडून राह्यलो. कोनाले वाटलं, याचा कोनी मैतर मेला लढाईत. अहो, माझं लग्न मेलं ना! जाचं राह्यलं, तर येऊ कुठून? तिकडं उत्तमरावाकडं अकोल्याचं स्थळ येऊन बसलं, म्हने, तुमच्या जावाईबुवाचा काई पत्ता नाही, पोरगी किती दिवस ठेवता? सोजरीनं दोन दिवस जेवन सोडलं. आशाबाई म्हन्जे सोजरीची मावशी, आमच्याच गल्लीत दिलेली. सोजरीनं तिच्या हाती सांगावा धाडला… काय सांगावा? रडगानं नाही बरं! म्हने, "मावशी, त्याइले सांग, बाबा परत याची वाट पाहून राह्यले, जाची नाही. गाडी मुंबईकडून येते. मलकापूरच्या आधी बोदवड लागते, तिथं जाऊन चढा, न् मलकापूरले उतरा. झाले परत!"

पाह्यलं? पलटनीच्या साहेबाले जे जमलं नाही, थे पोरीनं चुलीपाशी बसून जमवलं! मी लगेच निरोप धाडला, अमक्या गाडीनं येऊन राह्यलो. आता जरा इकडं सरका… सोनाळ्याचं कोनी बसलं नाही ना इथं? नाही ना? हं.

गेलो बोदवडले. आपलं वऱ्हाड संपलं, का पल्याड खानदेश, ओळखाले कोनी नाही. इस्त्रीचा ड्रेस, बुटाले तेल, ट्रंकेत वजनाले दोन इटा. गाडी आली, समोर जो डबा आला त्यात घुसलो… घुसलो, तर आतमंधी सगळे लाल कोटवाले! पितळेचे बाजे, क्लॅरनेट, झांजा, आन् मधोमध हा एवढा ढोल! ढोलाच्या मागून एक पगडी हळूहळू वर आली. पगडीखाली मिशा. मिशाइच्या मागं उत्तमराव! मले काय सपन पडलं होतं, का मलकापूरचा बँड दुसरीकडं गेला, म्हनून हा बाप्पा माझ्याच वरातीसाठी भुसावळचा बँड घेऊन येऊन राह्यला!

उत्तमरावानं माझ्याकडं पाह्यलं. खिडकीतून स्टेशनच्या पाटीकडं पाह्यलं. परत माझ्याकडं पाह्यलं. आन् म्हने, "काऊन हो जावाईबापू, लढाई बोदवडपर्यंत आलती काय?"

मी टोपी सावरली न् म्हनलं, "मामाजी, बोदवड मुंबई इलाख्यात येते… आपलं सरकार नागपूरचं… म्हन्जे तसं पाह्यलं, तर परमुलुखातूनच…" "चूप!" ढोल आपोआप वाजला हो! मंग मी सगळं सांगून टाकलं. म्हनलं, मामाजी, मी पळपुटा नाही. जाचं होतं मले. तुमच्या सोजरीसाठी छातीवर गोळी खाले तयार होतो मी, पन गोळीपर्यंत कोनी नेऊन तर सोडावं लागते का नाही? तिनं जेवन सोडलं, मी झोप सोडली, आता तुमी म्हनसान तर मी इथूनच उडी मारतो… आन् बोलता बोलता मले खरंच रडू आलं. झांजवाल्यानं लोटा पुढं केला, म्हने, "पाणी प्या, नवरदेव."

गाडी चालूनच राह्यली. खामखेड गेलं. उत्तमराव मिशी चावून राह्यले. त्याइच्या डोळ्यापुढं मलकापूरचा फलाट येऊन राह्यला असंन, सोनाळ्याच्या सगळ्या बैलगाड्या, न् सगळ्यात पुढं हार घेऊन अर्जुनराव! एकदम मले म्हने, "बर्मा कुठं हाये, माहीत हाये?" म्हनलं, नाही. "मले बी नाही. म्हन्जे अर्जुनरावाले बी नसंन. बस! तोंडातून अक्षर काढू नका, मी बोलतो!"

मलकापूर आलं. बँड उतरताच सुरू! उत्तमराव पल्याडच्या दारातून उतरले, रूळ ओलांडून, पगडी सांभाळत वळसा घालून समोरून आले, न् "आले! बर्म्याहून आले माझे जावाईबापू!" म्हनून माझ्या गळ्यात पडले. खरं रडत होते का खोटं, मले अजून समजलं नाही. तेवढ्यात अर्जुनरावानं मले बुटापासून टोपीपर्यंत पाह्यलं न् म्हने, "पन उत्तमराव, जावाई तर टनाटन दिसते! एवढी मोठी लढाई, न् एक ओरखडा नाही?" मी तोंड उघडाच्या आत उत्तमराव गरजले, "ओरखडा? अहो, पायातून गोळी गेली आरपार! चालून दाखवा, जावाईबापू!"

आता काय करता? लंगडलो! फलाटावर लंगडलो, वरातीत लंगडलो, मांडवात सोजरीच्या पुढं सगळे फेरे लंगडत घेतले. ती पदरात तोंड खुपसून हासून राह्यली, न् बायका म्हनत, पाहा वो, नवऱ्याचा पाय पाहून पोरगी रडून राह्यली!

लग्न झालं, लेकरू झालं. पलटन मोडली, हवालदार कोकनात गेला, सगळ्याइची लढाई संपली, माझीच नाही संपली! आमचे मामाजी दर वर्सी लढाई वाढवून राह्यले ना! पयले नुसती गोळी होती, मंग तोफेचा तुकडा झाला, मागच्या दिवाळीले तर जहाजच बुडवलं, न् मी म्हने साहेबाले पाठीवर घेऊन पोहत किनाऱ्याले आलो! मी आपला मान डोलवत अनारसे खातो. साधं-सरळ चालनाऱ्या मानसानं सासरी जाचं, तर आठ दिवस लंगडाचं! बरं, लंगडनं बी जमते हो, आदत झाली. पन वर्सातून एकदा जानं, ध्यानात राह्यते काय? सोनाळ्याची वेस आली, मी बैलगाडीतून उतरून लंगडाले लागलो, का सोजरा मागून पदर सावरत हळूच म्हनते, "अवो… तो नाही, डावा!"