प्रेमाच्या पाटावरचा कोयता

आजच्या सत्काराचे अध्यक्ष आणि आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन हरेश्वरभाऊ, स्टेजवरचे पाहुणे, बाजारातल्या माझ्या बायांनो, आणि मागे उभं राहून आतापासूनच जेवणाच्या टेबलाकडे बघणाऱ्या मंडळींनो, सगळ्यांना मंजुळाचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेली. तरी भाषण लिहून आणलंय, कारण राग आला की माझा विषय सुटतो. आणि राग आलेलाच आहे.

आज जिचा सत्कार आहे, ती नेत्रा माझ्या बहिणीची, प्रेमाची पोर. एक्स-रेच्या कामासाठी उद्या जर्मनीला निघाली. परवाच्या मीटिंगमध्ये भाऊ म्हणाले, "एक्स-रे तर वाकोल्यातही निघतो, एवढ्या लांब कशाला?" सगळे खो खो हसले. हसून झालं असेल तर ऐका.

तिथे जमिनीखाली लांबच लांब बोगदा आहे. त्यात एक्स-रेचा लेझर. झोत इतका जबर, की ज्याच्यावर पडेल ते खलास. मी विचारलं, "मग बघणार काय गो, राख?"

तर म्हणते, "मावशी, पापणी हलायच्या कितीतरी आधी तो झोत येऊन जातो. वस्तू फुटायच्या आत तिचा फोटो निघतो. असे हजारो फोटो जोडले, की आतला अणू न्‌ अणू कुठे बसलाय ते कळतं."

कशाचे फोटो? प्रेमाच्या टीबीला गोळ्या लागूच पडल्या नाहीत, त्यातच ती गेली. तो जंतू औषध तोडतो म्हणे. कसा तोडतो, ते पोरीला बघायचंय. वाकोल्यात दिसेल का, भाऊ?

आणि त्याच मीटिंगमध्ये काय ठरलं? पोर चालली, आता बाजारातला प्रेमाचा मासळी कापायचा पाट दुसरीला द्या! आपल्या बाजाराची रीत काय? जिचा कोयता पाटावर, तिची जागा. आई गेल्यावर हिने त्याच पाटावर पापलेट कापून कॉलेज केलं. तुमची पोरं जहाजावर जातात, तेव्हा त्यांची खोली कोणी वाटून घेतं? मग पोरीच्याच जागेवर डोळा का?

उद्या सकाळी माझी मासळीची पाटी माझ्या जागेवर आणि प्रेमाचा कोयता तिच्या पाटावर असेल. नेत्रा येईपर्यंत रोज असेल. गिऱ्हाईक मी दोन्हीकडे बघीन.

नेत्रा, तू मागे बघू नको गो. जा.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कोणाला लागलं असेल तर माझं शिक्षण कमी म्हणून सोडून द्या. कोयता हलवलात, तर मात्र मी सोडणार नाही.