नाव घातलेले पेले

मंडळी, कतारगामातले आलात, कोसाडहून पाळी बदलून आलात. मला बोलायला उभं केलंत, पण जमेल असं वाटत नाही. माझी बडबड थांबवणारा एकच माणूस होता, आपले दातांचे डॉक्टर नेरकर. तोंडात आरसा घालून म्हणायचे, "हं पंडित, आता म्हणा मंत्र!"

दुःख आहेच. पण खरं सांगू? राग जास्त आहे. तुमच्या हातांकडे बघा. प्लॅस्टिकचे ग्लास! नेरकरांच्या शोकसभेत!

पूर्वी त्यांच्या दवाखान्यातही हेच होते. एक चूळ भरली की ग्लास मागच्या गटारात. एका पावसाळ्यात गटार तुंबलं, घाण पाणी खुर्चीपर्यंत आलं. त्या दिवशी डॉक्टरांनी ठरवलं, घरचा पेला आणल्याशिवाय दाताला हात लावणार नाही.

आपण कमी छळलं का त्यांना? "शेजारचा डॉक्टर कोरा ग्लास देतो, तुमच्याकडे भांडी वाहायची?" असं विचारणारा मीच. ते म्हणाले, "दात घरूनच आणलेत ना? मग पेला काय जड झाला?"

शेवटी आणले. बारशाचे, रुखवतातले, नाव घातलेले. उपचार संपेपर्यंत पेला दवाखान्याच्या फळीवर राहायचा. त्यांच्या मदतनीस लीलाबाई ते रोज उकळायच्या. लूमवरून, मागावरची पाळी संपवून आलेले आपले खानदेशी भाऊ दारातूनच ओरडायचे, "लीलाबाई, मना पेला कोठे शे?" आणि त्या नाव वाचून बरोबर हातात द्यायच्या.

सोमवारी दवाखाना पुन्हा उघडतोय. नवे डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी प्लॅस्टिकच्या ग्लासांचं खोकं आणवलंय. फळी काढायची आहे. लीलाबाईंना सांगितलंय, ज्याचे त्याला पेले देऊन टाका. काल चौघांनी नेलेसुद्धा! एकाने तर दुसऱ्याचा नेला.

पंधरा वर्षं त्या माणसाने डोकं आपटलं, आणि आपण आठ दिवसांत पिशवी घेऊन हजर?

मी नेणार नाही. माझी दाढ अर्धी भरायची राहिली आहे. सोमवारी त्या खुर्चीत बसणार आणि माझा पेला मागणार. ज्यांनी नेलेत त्यांनी परत आणून ठेवा. सगळ्यांनी मागितला तर फळी काढतील कशी?

आता दोन मिनिटं उभे राहू. ग्लास खाली टाकू नका, गटार इथेही आहे. हातात धरा, आणि चुरचुर वाजू देऊ नका. ज्याचा वाजेल, त्याचा डॉक्टरांना ऐकू जाईल.

डॉक्टर, नमस्कार. पंडिताने तोंड मिटलं.